आग्नेय कोपऱ्यातली फरशी

१

वेणूबाईंचा हात मोडला आणि हाडवैद्य घरात पोचायच्या आत गोपाळकृष्णपंतांनी गुन्हेगार ठरवूनही टाकला. सदाशिव पेठेत त्यांनी नवं घर बांधलं होतं. त्या घराच्या स्वयंपाकघरात, आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी रात्रीतून दोन बोटं वर आली होती. वेणूबाई, म्हणजे पंतांच्या पत्नी, दुधाचं पातेलं घेऊन चुलीकडे निघाल्या, फरशीच्या कडेला अंगठा अडला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. पंतांनी बायकोकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं आणि कोतवाल चावडीवर माणूस धाडला. फरशी बसवणाऱ्या गेनबा गवंड्याला धरा म्हणून.

मी विसाजी, त्या चावडीवरचा कारकून. लोकांनी सांगितलेलं लिहून घ्यायचं एवढंच माझं काम. पण लिहिता लिहिता मला प्रश्न विचारायची खोड आहे आणि त्या खोडीपायी कोतवालसाहेब माझ्यावर क्वचितच खूश असतात. त्या दिवशीही नव्हते.

"पंतांचं दरबारी वजन तुम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "उद्या सकाळी गवंड्याची गाढवावरून धिंड काढून त्याला शहराबाहेर घालवायचा. तोवर काय खुळचट प्रश्न विचारायचे असतील ते विचारा."

गेनबा चावडीच्या अंगणात लाकडी खोड्यात पाय अडकवून बसला होता. वैशाखाचं ऊन थेट डोक्यावर. एकदा धिंड निघाली की पुण्यातच काय, पंचक्रोशीत कुणी त्याला भिंत बांधायला बोलावणार नव्हतं, हे तोही जाणून होता आणि मीही.

"काय चुकलं रे तुझं?" मी विचारलं.

"त्येच मी इचारतोय, कारकूनसाहेब. माझं चुकलं आसंल तर काढा धिंड. पर काय चुकलं त्ये तरी सांगा. न्हाईतर म्होरल्या गावाला जाऊन बी तीच चूक करीन की."

बाकीचे आरोपी गयावया करतात, देवाची शपथ घेतात, मला त्याची सवय आहे. हा माणूस मला कामाला लावून मोकळा झाला. मी पागोटं चढवलं आणि बुधवारातून सदाशिव पेठेकडे निघालो. वाटेत दोघा-तिघांनी अडवून विचारलं, पंतांची वास्तू कोपली म्हणतात ते खरं का? सकाळची गोष्ट दुपारी पेठ ओलांडून गेली होती. 

२

पंत ओटीवर येरझाऱ्या घालत होते. मला पाहून थांबले नाहीत.

"पाहायचं काय त्यात? नाचता येईना अंगण वाकडं, असं तो गवंडी म्हणाला असेल."

"तो तसं काही म्हणाला नाही," मी म्हटलं. "पण इथे अंगण खरंच वाकडं झालंय, तेव्हा पाहून घेतो."

स्वयंपाकघरात पंतांची धाकटी बहीण चुलीपुढे होती. मथुराबाई तिचं नाव. लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली, लाल आलवणात, डोक्यावरून पदर ओढलेली. मी आत गेलो तशी ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली. घरातला स्वयंपाक तिच्याकडे होता, पण माझ्याशी बोलायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी काठी घेऊन एकेक फरशी ठोकून पाहिली. सगळ्या भरीव वाजल्या. खाली चुना गच्च बसला असला की असाच आवाज येतो, हे कळायला गवंडी असावं लागत नाही. वर आलेली ती एकच फरशी पोकळ वाजली. म्हणजे चुना वाईट नव्हता आणि हातही वाईट नव्हता. नाहीतर खोट सगळीकडे दिसली असती.

मग मी गुडघ्यांवर बसलो. बाकीच्या फरशांच्या सांधी थापीने ओढलेल्या होत्या, सरळ आणि गुळगुळीत. या एका फरशीच्या सांधीत चुना बोटांनी दाबून भरला होता. बोटांचे ठसे वाळून तसेच राहिले होते.

"वास्तुशांत झाल्यावर गेनबा इथे आला होता?" माझ्यामागोमाग आत येऊन तिथेही येरझाऱ्या घालणाऱ्या पंतांना मी विचारलं.

"विसाजीपंत, तुम्ही ब्राह्मणच ना? वास्तुशांत झाल्यावर गवंड्याचा पाय चुलीजवळ पडू देईन मी?"

"आणि वास्तुशांतीच्या दिवशी ही सांध कशी होती?"

पंत विचार करून म्हणाले, "सारखी होती. सगळा कोपरा मी स्वतः पाहिला होता. त्याच कोपऱ्यात तर पूजा मांडली होती."

"मग ही फरशी त्यानंतर कुणीतरी उचलली आणि परत बसवली. आणि तो गेनबा नव्हे, कारण त्याला तुम्हीच आत येऊ दिलं नाहीत."

पंतांच्या येरझाऱ्या थांबल्या. मागच्या दारात भांडं पडल्याचा आवाज झाला. कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. मीही नाही.

३

वास्तुशांतीत आग्नेय कोपऱ्याला काय करतात हे कुणाला नव्याने सांगायला नको. खड्डा करून त्यात मडकं पुरायचं. मडक्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पालथी घातलेली, वर सप्तधान्य आणि फुलं. त्यावर माती लोटायची आणि वास्तू त्या घराची झाली. तेव्हा मी पहिला प्रश्न पूजा सांगणाऱ्या यज्ञेश्वरभटांना विचारला. वास्तू कोपल्याची आवई ऐकून ते आपणहून आले होते, अंगावर शाल आणि कपाळाला आठी घेऊन.

"वास्तुशांत यथासांग झाली?"

"यथासांग."

"प्रतिमा पुरली?"

भटजींनी शाल सारखी केली. "मंत्र सगळे म्हटले."

"मंत्र पुरायचे नसतात, भटजी. प्रतिमा पुरली का?"

"कोपऱ्यात आधीच फरशी बसली होती! तेवढी एक फरशी मोकळी ठेव, हे गवंड्याला सांगायचं काम यजमानांचं. ऐन मुहूर्तावर शंभर पानं वाढायची खोळंबली असताना मी काय पहार घेऊन उभा राहू? मडकं कोपऱ्यात ठेवलं, मंत्र म्हटले. पुढचं यजमानांनी करून घ्यायचं."

"मी?" पंत कडाडले. "भटजींनी ते नंतर पुरलं असं मी धरून चाललो. विधी त्यांचा!"

मी आतल्या खोलीत गेलो. वेणूबाई हाताला कामट्या बांधून पडल्या होत्या. कळ येत होती, तरी त्या नीट बोलल्या. "मला वाटलं, यांनी गेनबाला आधीच सांगून ठेवलं असेल. बायकांनी कशाला विचारायचं त्यात?"

बारभाईची शेती, काय लागेल हाती? प्रत्येकाला ते दुसऱ्याचं काम वाटलं होतं, आणि गेनबाला तर असं काही काम आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं. राग आला मला. उन्हात खोड्यात बसलेला माणूस डोळ्यांपुढून हलेना.

"बरं," बाहेर येऊन मी म्हटलं. "मग ते मडकं आता आहे कुठे?"

भटजींनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी आत बायकोच्या खोलीकडे पाहिलं. आतून वेणूबाई म्हणाल्या, "पूजा आवरताना जिन्याखाली सरकवलं होतं ना?"

जिन्याखाली एक फुटकं सूप आणि उंदराच्या लेंड्या होत्या. मडकं नव्हतं.

४

मी पहार मागवली. गवंडी आत यायचा नाही आणि पंत पहार धरायचे नाहीत, म्हणून भटजी आणि मी असे दोघे फरशीला भिडलो. तो देखावा बाहेरच्या कुणी पाहिला नाही हे बरं झालं. चौथ्या हिसक्याला फरशी सुटली. हातभर लांब-रुंद असेल, फार जड नव्हती.

खाली मडकं होतं, फुटून दोन शकलं झालेलं. आणि त्यातून नुसतं धान्य उतू आलं होतं. हरभरे, मूग, गहू, साळी, फुगून टम्म झालेले. काहींना पांढरे कोंब फुटून ते फरशीच्या पाठीला टेकले होते. आंबूस वास आला. सगळ्यात खाली तांब्याची प्रतिमा पालथी, दिशेला अगदी बरोबर.

"करणी!" भटजी मागे सरले.

"कसली करणी? तुमच्या घरी उसळ करत नाहीत का? रात्री पातेलंभर हरभरे भिजत घाला आणि वर घट्ट झाकण ठेवा. सकाळी झाकण कुठे असतं?"

नव्या फरशीवर महिनाभर रोज पाणी मारतात, चुना घट्ट व्हावा म्हणून. या घरातही अजून रोज मारत होते, वैशाखात जरा जास्तच. बाकीच्या सांधी पक्क्या होत्या. या एका सांधीतला चुना बोटांनी भरलेला, त्यामुळे तिथून पाणी खाली मुरत गेलं. धान्य फुगलं, त्याने मडकं फोडलं आणि वरचा दगड उचलला. दुपारभर डोक्यात जे वळवळत होतं ते एका जागी येऊन बसलं. गेनबा निर्दोष होता.

"पण पुरलं कुणी?" पंतांनी विचारलं. "ज्याने पुरलं त्याने माझ्या बायकोचा हात मोडला. गवंडी नसेल तर तो. खोडा रिकामा राहणार नाही, विसाजीपंत."

ते बरोबरच बोलत होते आणि तीच पंचाईत होती. नाव दिल्याशिवाय गेनबा सुटणार नव्हता.

मी पुन्हा खड्ड्यापाशी बसलो. भटजी सप्तधान्य ओंजळभर घालतात, इथे मडकं शिगोशीग भरलेलं होतं. म्हणजे विधी करणाऱ्याचा हात नव्हे, विधी दुरून पाहिलेल्याचा हात. मग मी मडक्याच्या गळ्याला लागलेला चुना नखाने खरवडला. पांढरा. खड्ड्याच्या कडेचा चुना पाहिला. तोही पांढरा, कुठेही दुसरा रंग नाही.

पुण्यातल्या कुठल्याही पोरीला ठाऊक असतं की हळदीला चुना लागला की ती लाल होते. वास्तूचं मडकं पुरताना भटजी हळदकुंकू वाहिल्याशिवाय राहायचे नाहीत आणि सवाष्ण तर त्याहून नाही. आधी मडक्याला हळद, मग ओला चुना, म्हणजे कुठेतरी लाल डाग हवाच होता. जिन्याखाली पडलेलं मडकं पुरण्यापूर्वी कुणीतरी धुऊन स्वच्छ केलं होतं, आणि मग त्याला हळद लावली नव्हती.

एवढ्या मायेने मडकं धुऊन भरणारं माणूस हळद विसरणार नाही. त्याला हळदकुंकू वाहायची मुभाच नसेल, तरच असं होईल.

मी नखातला चुना धोतराला पुसला. मग पाणी प्यायला म्हणून मागच्या दाराकडे वळलो.

५

मागच्या दारी रांजणापाशी मथुराबाई उभी होती. मी पाणी मागितलं. तिने तांब्या पुढे केला तेव्हा पदराखालून बोटं बाहेर आली. बोटांच्या टोकांची सालं निघाली होती. ओल्या चुन्यात ज्याने आयुष्यात कधी हात घातला नाही, त्याची बोटं अशी होतात.

"पंत म्हणाले, गेल्या सोमवारी घरातले सगळे पर्वतीला गेले होते," मी म्हटलं.

"गेले होते."

"आपण नाही गेलात?"

"मला कोण नेतंय?" तिने तांब्या परत घेतला आणि हात पदराखाली नेले. मग म्हणाली, "गेनबाला सोडणार ना हो?"

"मडकं कुणी पुरलं ते कळलं तर सोडतील."

"आणि ज्याने पुरलं त्याचं काय?"

 काय होणार ते दोघांनाही ठाऊक होतं. विधवेचा हात वास्तूच्या मडक्याला लागला आणि आठवड्यात घरच्या सवाष्णीचा हात मोडला. एवढं पेठेला पुरे होतं. पुढे या घरात काही दुखलं-खुपलं, कुणी आजारी पडलं, गाय आटली, तर दोष तिचाच. मग एखाद्या दिवशी काशीची वाट. मला तिची दया आली आणि त्या दयेचा काही उपयोग नव्हता, म्हणून चीड आली.

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नव्हती, पण इथे चोर तरी कुठे होता? सगळा दिवस धावून मी एक निरपराध माणूस सोडवत होतो आणि दुसरं त्याच्या जागी नेऊन बसवत होतो.

"मी कुणाचं नाव घेणार नाही," मी म्हणालो.

"मग गेनबा?" तिने विचारलं. मी तसाच वळून ओटीवर आलो.

६

येता येता मला एक वाट सुचली. सरळ नव्हती, पण चालण्याजोगी होती. मी पंतांना आणि भटजींना समोरासमोर बसवलं.

"भटजी, एकच सांगा. मडकं नंतर कुणी पुरलं नसतं तर वास्तुशांत अपुरी राहिली असती. खरं ना?"

"हो, म्हणजे तसं..."

"म्हणजे अपुऱ्या विधीला आपण यथासांग म्हणालात. हे उद्या पेठेत कळलं तर आपल्याला पूजेला कोण बोलावील?"

यज्ञेश्वरभट हुशार माणूस. त्यांनी शाल सावरली, खाकरले आणि मला हवं होतं तेच बोलले. "तसं कसं होईल? मीच पुरलं ते. नंतर येऊन. विधी पुरा करणं माझं कर्तव्यच होतं. जरा धान्य जास्त पडलं असेल."

हळद न लावता? असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. भटजींना कोण खोड्यात घालणार होतं? चार दिवस लोक हसले असते, गेनबा सुटला असता आणि पाठीमागच्या दारातली बाई वाचली असती. मला ते चाललं असतं.

"खोटं आहे ते," मागून आवाज आला.

मथुराबाई माजघराच्या दारात उभी होती. ओटीवर पुरुषमाणसं बसलेली असताना ती कधी तिथवर आली नसेल. पंत उठून उभे राहिले.

"मी पुरलं, दादा. तुम्ही सगळे पर्वतीला गेलात त्या दिवशी. जिन्याखाली मडक्यात उंदीर शिरले होते, धान्य सगळं खाल्लं होतं. वास्तूला रिकामं कसं पुरायचं? म्हणून शिगोशीग भरलं. उलथन्याने सांध कोरून फरशी उचलली. मागे गेनबाचा चुना ओल्या गोणपाटाखाली उरला होता, तो परत बसवायला घेतला. सकाळपासून जीभ उचलत नव्हती माझी. पण माझ्यापायी त्या माणसाची धिंड निघायला नको, आणि वास्तूच्या नावानं खोटं तर नकोच."

"तुला कुणी सांगितलं होतं?" पंतांचा आवाज चढला. "तुझं काम होतं का ते?"

"नव्हतं. तुम्हाला ते भटजींचं वाटलं, भटजींना तुमचं वाटलं, वहिनीला गेनबाचं वाटलं. माझं तर शुभाचं कुठलंच काम नसतं. मग मी ते ढकलू कुणावर?"

 भटजी शालीचा काठ पाहत होते. पंतांच्या कपाळावरची शीर मात्र तडतडत होती.

"तरीच," ते म्हणाले. "तुझा हात लागला म्हणूनच माझ्या घरात..."

"हात माझा मोडलाय."

वेणूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. हाताला कामट्या, तोंड पांढरं पडलेलं. त्या नवऱ्याला अडवून बोलल्या आणि तेही परक्या माणसांसमोर. त्यांना तसं बोलताना कुणी पूर्वी ऐकलं नसावं.

"दोष कुणाला द्यायचा ते ज्याचा हात मोडला त्याने ठरवायचं. मी वन्संना देत नाही. जिन्याखालून मीही रोज ये-जा केली, मडकं पाहिलं आणि पुढे गेले. भटजींनी पाहिलं, तुम्ही पाहिलंत. घर तुमचं म्हणवता ना? मग त्यातलं वाकडं तेवढं दुसऱ्याचं कसं?"

 माझी खात्री होती की ते आता ओरडणार. त्यांनी खुंटीवरचं पागोटं काढलं, डोक्याला लावलं आणि वहाणा पायात सरकवल्या. "चला," मला म्हणाले. भटजींना काहीच म्हणाले नाहीत.

चावडीपर्यंत ते झपाझपा पुढे चालले. मी मागून जवळजवळ धावत होतो, आणि हा माणूस तिथे जाऊन कुणाचं नाव सांगेल याचा मला भरवसा नव्हता. चावडीत कोतवालसाहेब गडबडीने उठून उभे राहिले. पंतांनी त्यांना हातानेच थांबवलं आणि ते सरळ अंगणात गेनबापुढे जाऊन उभे राहिले.

"हा खोडा काढा," ते शिपायाला म्हणाले. मग गेनबाकडे न पाहता, "तुझं काही चुकलेलं नाही. चूक आमच्या घरातून झाली."

गेनबा पाय चोळत उठला. दिवसभर एकच गोष्ट विचारत होता, ती सोडायची त्याची तयारी नव्हती. "घरातनं म्हंजी कुनाकडनं, धनी?"

अंगणात शिपाई होते, दोन फिर्यादी होते, खुद्द कोतवाल दारात उभे होते. पंतांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडून," ते म्हणाले. "एक फरशी मोकळी ठेव, एवढं तुला सांगायचं होतं. ते मी सांगितलं नाही."